सरदारजींचा फेटा

मला राग लवकर येतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. भोरला टपालाची मोटार चालवणाऱ्या सरदारजींना नव्या साहेबांनी बजावलं, "सोमवारपासून गणवेशाची खाकी टोपी घाला, नाहीतर मोटारीची किल्ली ठेवून जा," तेव्हा मी रात्रीतून पत्रक लिहून काढलं. मोटार काय पगडी चालवते? घाटात, चिखलात, पुरात ती सांभाळतात ते हात! शीख माणसाने केस झाकून पगडी बांधायची हा त्याचा धर्म. तो गणवेश चढवताना खुंटीला टांगायचा असतो काय?

सरदारजींची बायको आणि धाकटी मुलगी भोरातच एका खोलीत राहत. नोकरी गेली तर खोलीही जाणार होती. तरी ते मला एवढंच म्हणाले, "भाऊ, गरम नको होऊ. पगडी तर उतरणार नाही."

सारोळ्याच्या वाटेवरच्या आमच्या गावात मी सभा घेतली. त्यांच्या मोटारीतून गावातली किती बाळंतिणी, किती तापकरी दवाखान्याला गेलेले. सगळा गाव लोटला. पाटलांनी मानाचा फेटा आणवला, पांढराशुभ्र, कोरा. सरदारजींना पाटावर बसवलं. मी घसा फोडून भाषण केलं. मग आमच्या रीतीप्रमाणे पाटील पुढे झाले आणि आधीचं पागोटं उतरवायला त्यांनी पाहुण्याच्या डोक्याला हात घातला.

सरदारजींनी दोन्ही हातांनी पगडी धरली.

पाटलांचा हात तसाच वर.

"पाटीलबाबा," सरदारजी हळूच म्हणाले, "साहेब म्हणतो टोपीसाठी काढ, तुम्ही म्हणता फेट्यासाठी काढ. मी जाऊ कुठे?"

आधी हसले ते पाटीलच. "आरं तिच्या! आमी बी सायबच निगालो की!" मग सगळा गाव हसला. मीही.

"मंग कापड द्या की त्येंच्या हाती," हिरडा वेचणारी एक म्हातारी मागून ओरडली. "घरी जाऊन बांधत्याल त्येंच्या परीनं. पर पांढरं कशाला? सायबाला खाकीच पायजे ना? आना हिकडं."

तिने तो मानाचा फेटा हिरड्याच्या काढ्यात बुडवला, त्यात गंजक्या खिळ्यांचं थोडं पाणी घातलं. कापड मातकट झालं, थेट गणवेशाच्या सदऱ्यासारखं.

सोमवारी मी भांडायच्या तयारीनेच सरदारजींबरोबर कचेरीत गेलो. साहेबांनी ती खाकी पगडी न्याहाळली, मग सदरा, मग पुन्हा पगडी. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "टोपीचा बिल्ला लावा तिच्यावर. आणि निघा, टपाल खोळंबलंय."

माझ्या पत्रकाचं एक वाक्यही वापरायला मिळालं नाही. मी मोटारीत त्यांच्या शेजारी बसलो. सरदारजींनी आरशात पाहून बिल्ला सरळ केला आणि किल्ली फिरवली.

गावात मोटार थांबली तेव्हा म्हातारी रस्त्यावरच उभी होती. तिने त्यांना खाली वाकायला लावलं, पगडीला हात न लावता चहूबाजूंनी पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"मागनं फिकट ऱ्हायलंय. पुन्यांदा बुडवाया आना."

"आणतो, आई," सरदारजी म्हणाले.