सात जूनचं सहा जुलै झालं तेव्हा

देवरे साहेब गेले.

ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर दुपारी मेसेज आला. संध्याकाळपर्यंत त्याखाली पन्नासेक जोडलेले हात.

त्यातले निम्मे लोक तेव्हा त्यांच्यावर हसायचे. मीही हसायचे.

आमची बांधकाम कंपनी. ऑफिस नाशिकला, कॉलेज रोडला. साहेब प्लॅनिंग इंजिनिअर, मी कॉम्प्युटर ऑपरेटर. दोन हजार सालानंतरची गोष्ट.

इगतपुरी तालुक्यात, घोटीच्या पुढे, आमचं धरणाचं काम चाललं होतं. कामाचं पूर्ण वेळापत्रक साहेबांच्या प्लॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये असायचं. साइटवर ते सॉफ्टवेअर नव्हतं. म्हणून दर महिन्याला मी ते स्प्रेडशीटमध्ये उतरवायचे, प्रिंट काढायचे आणि साइटच्या जीपने पाठवायचे.

अडचण एकच होती. सॉफ्टवेअरला माहीत असतं की अमुक काम झाल्याशिवाय तमुक सुरू होणार नाही. स्प्रेडशीटमध्ये उतरतात फक्त तारखा.

म्हणून साहेब स्वतः बसून एक जादा कॉलम टाइप करायचे. 'कशानंतर'.

चारशे ओळी. दर महिन्याला. दोन बोटांनी.

"साहेब, कॉम्प्युटर आहे ना त्यासाठी?" असं सगळे म्हणायचे. ते मान वर करायचे नाहीत. फारच पिडलं तर सटाण्याकडच्या अहिराणीत पुटपुटायचे, "हाई काय शे?", म्हणजे 'हे काय लावलंय?', आणि पुढची ओळ.

एका मे महिन्यात माझा कॉम्प्युटर नव्याने फॉरमॅट होऊन आला. त्यात तारखेचं सेटिंग अमेरिकन पद्धतीचं होतं, महिना आधी. मी बघितलं नाही.

आणि 'कशानंतर'चा कॉलम प्रिंटच्या पानावर मावत नव्हता. मी तो काढून टाकला.

वेळापत्रकात दोन कामं अशी होती:
मजुरांची वस्ती हलवणे, ०७/०६.
धरणाचे गेट टाकणे, १५/०६.

माझ्या कॉम्प्युटरने सात जूनचं सहा जुलै केलं, आणि प्रिंटवर महिन्याच्या नावासकट तसंच छापलं. पंधरा जून तसाच राहिला, कारण पंधरावा महिना नसतो.

वस्ती धरणाच्या पोटात होती, खाणीमागे; गेट टाकून पाणी अडवलं की बुडणारी. पेठ तालुक्यातून आलेली बावीस कुटुंबं.

बारा जूनला साहेबांनी साइटवर सहज फोन केला. मी समोरच होते.

"वस्ती हलली ना?"

तिकडून साइट इंजिनिअर म्हणाला, "सहा जुलैला आहे ना सर. पाणी तिथवर यायला महिना लागत असेल, म्हणून दिलं असेल तुम्ही."

साहेबांनी फोन ठेवला. माझ्याकडून प्रिंटची कॉपी मागितली. उभं राहूनच वाचली.

"कॉलम कुठाय?"

"पानावर बसत नव्हता साहेब. मी काढला."

"पुढच्या वेळी कागद आडवा लावा," ते म्हणाले. "आता चला."

जीपने आम्ही तडक साइट गाठली.

वस्तीत मुकादम भेटला. "आमाला तं जुलै सांगेल हाय साहेब. दोन दिसांत कुठं जायाचं? तिकडं वर शेडबी झाले नाय. हितं बाळंतीण हाय."

बाळंतीण चार दिवसांची होती. साहेब त्या झोपडीच्या दारात वाकून बघून आले. मग साइट ऑफिसात जाऊन त्यांनी डायरेक्टरना फोन लावला. डायरेक्टरांचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता.

"गेट टाकायला मंत्री येतायत देवरे. पत्रिका वाटून झाल्यात."

"मग मला एक ओळ लेखी द्या. माणसं आत असताना गेट टाका, एवढंच. मी टाकायला लावतो."

ती ओळ आली नाही.

कार्यक्रम आठ दिवस पुढे गेला. वरचे शेड साहेबांनी तिथे राहून उभे करून घेतले. बाळंतिणीला आमच्या जीपने नेलं.

गेट पडल्यावर दहाव्या दिवशी वस्तीच्या जागी पाणी होतं. तिथे कुणी नव्हतं.

नंतर खुलासा मागितला गेला. साहेबांनी लिहिलं: "एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना तारखा बदलल्या. तपासणे ही माझी जबाबदारी होती."

तो खुलासा मीच टाइप केला. माझं नाव त्यात नव्हतं. टाइप करताना मी थांबले नाही.

त्यांना टेंडर विभागात बसवलं. ठरलेलं प्रमोशन राहिलं. वर्षभराने प्लॅनिंगचं काम माझ्याकडे आलं. त्यांची खुर्चीसुद्धा.

ते रिटायर झाले त्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये चहा होता. भाषणं झाल्यावर मी धीर करून जवळ गेले.

"साहेब, तेव्हा मी सांगायला हवं होतं."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या हो, झालं गेलं.

"हो," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं."

आणि त्यांनी बशीतले वेफर्स उचलले.

राग नव्हता. माफीही नव्हती. त्यानंतर आम्ही पावसाबद्दल, त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोललो.

ग्रुपवर आज कुणीतरी लिहिलंय, "माणूस चांगला, पण ते धरणाचं प्रकरण नडलं."

ज्याने लिहिलं त्याचा दोष नाही. त्याला इतकंच माहीत आहे.

तर सगळ्यांना टॅग करून सांगते. ते प्रकरण माझं होतं. कॉलम मी काढला, तारखा मी बघितल्या नाहीत, आणि गप्पही मीच बसले.

साहेब, सांगायला तुम्ही जाण्याची वाट बघितली, हेही माझंच.

नमस्कार.

— शुभांगी