शनिवारी वाचलेली बोडी

कुरखेड्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा रोजची सकाळ मेल वाचण्यातच जायची. परिपत्रकं, बियाणेवाल्यांच्या जाहिराती, आणि एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचतं अशा पाच-सहा मेलिंग लिस्ट. वैतागून एकदा नियम लावून टाकला. लिस्टवरची मेल इनबॉक्सात यायचीच नाही, परस्पर वेगळ्या लेबलखाली जाऊन पडायची. ती मी शनिवारी दुपारी एका बैठकीत वाचायची.

त्यातली एक लिस्ट आमच्या भागातल्या पक्षी पाहणाऱ्यांची. बाकीचे कधीमधी लिहीत. रोज लिहिणारे एकच, जवळच्या गावातले निवृत्त गुरुजी. गावामागे एक बोडी होती, धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं. तिथं सकाळी चक्कर मारून आले की ते दोन ओळी टाकत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका शनिवारी मी त्यांच्या आठवड्याच्या मेल लागोपाठ वाचल्या. आधी होतं, ‘टिटवी ओरडली नाही.’ मग, ‘पाणकोंबड्या आहेत, पण गप्प.’ मग वानरं झाडावरून खाली उतरत नसल्याचं. शेवटच्या मेलमध्ये एवढंच, ‘आज बेडूकही नाही.’ रोज एकेक वाचली असती तर कदाचित काहीच वाटलं नसतं. पण लागोपाठ वाचताना दिसलं, बोडी दिवसागणिक गप्प होत चालली होती. मी फोन लावला.

“मले वाटलं, माहेच कान गेले,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही या न मॅडम. एकदा ऐकून पाहा.”

रविवारी उन्हं वर आल्यावर आम्ही बांधावर गेलो. पाणी होतं, कमळाची पानं होती, पलीकडे बगळे उभे होते. आवाज मात्र कशाचाच नव्हता. वाळलेलं पान पायाखाली मोडलं तर मीच दचकले. गुरुजी काही बोलायला गेले आणि थांबले. दोघांनाही तिथं तोंड उघडवेना. थोड्या वेळाने त्यांनी हातानेच खूण केली आणि आम्ही आल्या वाटेने परत फिरलो.

वाटेतल्या ओल्या मातीत येतानाचे आमचे पाय उमटले होते. माझ्या चपलेच्या ठशावर वाघाचा ताजा पंजा होता.

गाव येईपर्यंत मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. गुरुजींनी माझा हात धरला होता, की मी त्यांचा, ते आता आठवत नाही.

वनविभागाने बांधावर कॅमेरा लावला आणि तिकडे जायला सगळ्यांना मनाई केली. काही दिवसांनी वनरक्षक फोटो घेऊन गुरुजींच्या ओसरीवर आला, तेव्हा मीही तिथं होते. वाघीण होती. गुरुजी जिथं रोज उभे राहायचे नेमकी तिथंच बसलेली, तोंड गावाकडे करून.

“तुमच्या टायमालेच येते, भाऊ,” वनरक्षक म्हणाला.

गुरुजींनी फोटो हातात घेतला. मग मी विचारलं, “म्हणजे पाखरं हिच्यामुळेच गप्प झाली?”

तो मान हलवत म्हणाला, “नाई मॅडम. वाघ दिसला तं पाखरं, वानरं बोंबलून जंगल डोक्यावर घेतात. गप नाई होत कोणी. हे काऊन झालं, मले नाई माहीत.”

गुरुजींच्या बायकोने चहा आणून ठेवला. कोणी कप उचलला नाही.

पुढे वाघीण कॅमेऱ्यात दिसायची बंद झाली आणि मनाई उठली. गुरुजी आता ओसरीत बसून चिमण्या, साळुंक्यांबद्दल लिहितात. त्यांच्यासाठी मी वेगळा नियम केला आहे, त्यांची मेल थेट समोर येते. परवा त्यांनी लिहिलं, गुराखी सांगतो की बोडीवर टिटव्या पुन्हा ओरडायला लागल्या आहेत. मी लगेच फोन केला. जाऊन पाहिलंत का, असं विचारलं.

“नाई गेलो,” ते म्हणाले. “तुम्ही येता?”

पुढच्या आठवड्यात पाहू, असं मी म्हणाले. त्यावर त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.