रिसीव्हरवरचा तळहात

फोनच्या रिसीव्हरवर तळहात दाबायचा, मान आपल्याकडे वळवायची आणि हळूच म्हणायचं, "ते म्हणताहेत, तुमचा मुद्दा योग्य आहे." असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्याकडचा नमुना अस्सल होता. त्यांना सगळे काका म्हणत. आदराने नव्हे, नाव लक्षात ठेवायचा कंटाळा म्हणून.

आमची कंपनी बडोद्याची. गावोगावच्या दूध मंडळ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक काटा बनवायचं काम आलं होतं. काट्याचा डबा आम्ही करायचा आणि कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम बंगलोरच्या मंडळींनी. दुधाचं वजन वायरीतून डब्याकडून कॉम्प्युटरकडे जायला हवं, इतकीच गोष्ट. पण पहिल्याच फोनवर आमचा मुख्य इंजिनिअर पटेल आणि तिकडचा श्रीधर यांनी एकमेकांची अक्कल काढली. तेव्हा मालकांनी हुकूम सोडला की यापुढे बंगलोरशी एकच माणूस बोलेल. त्यासाठी काकांना आणलं.

काकांची आधीची कंपनी बंद पडली होती आणि पन्नाशी उलटली होती. त्या वयात बाहेर कोण विचारतो? मालकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगितलं, "काका, काटो चालशे तो तमे कायम. नहीं तो जय श्रीकृष्ण!" काका हसले. आम्हीही हसलो.

काकांचं घर बडोद्यातच, कारेलीबागेत; मूळचे तिथल्याच रावपुऱ्याचे. आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, हे ऐकल्याशिवाय आमचा आठवडा जात नसे. "दोन खात्यांची भांडणं आजोबांनी कधी दिवाणसाहेबांपर्यंत जाऊ दिली नाहीत," काका सांगत. मधला माणूस गोड हवा, ही घराण्यातून आलेली विद्या. तिच्यावर आपण इथेही तरून जाऊ असं त्यांना मनापासून वाटत होतं.

रोज दुपारी फोन लागे. पटेल टेबलापलीकडून ओरडे, "ए डोबाने कहो, पहेलां कॉम्प्युटर मागे, पछी ज डबो वजन आपे!" कॉम्प्युटरने आधी मागितलं तरच डबा वजन देणार, हा त्याचा हट्ट. काका तळहात काढून अदबशीर इंग्रजीत सांगत, की मिस्टर पटेलना आपल्या सूचनेबद्दल आदर आहे. श्रीधर त्याच वेळी काय म्हणत होता ते पुढे त्याच्याच तोंडून कळलं: मागायला आमचा कॉम्प्युटर भिकारी नाही, डब्याने वजन आपणहून पाठवावं. आमच्यापर्यंत पोचायचं ते एवढंच: "ते म्हणताहेत, तुमचा मुद्दा योग्य आहे."

मी एकदा चिडून विचारलं, "काका, आमचं बोलणं जसंच्या तसं का सांगत नाही?"

"अरे, जसंच्या तसं न्यायला वायर आहे की," ते म्हणाले. "मग माणूस कशाला ठेवलाय?"

दिवाळीत त्यांनी कमाल केली. पटेलच्या नावाने बंगलोरला बडोद्याचा लीलो चेवडो पाठवला आणि श्रीधरच्या नावाने पटेलला म्हैसूरपाक दिला. खोक्यावर रावपुऱ्यातल्या दुकानाचं नाव छापलेलं होतं. पटेलने म्हैसूरपाक सगळा खाल्ला आणि खोकं सगळ्या ऑफिसला दाखवत फिरला. काका दिसले की कोणीतरी विचारी, "काका, बंगलोर रावपुऱ्यात कधी आलं?" मला त्यांची कीव यायची आणि हसूही यायचं. हसू जास्त.

मग प्रात्यक्षिकाचा दिवस आला. मंडळ्यांचे प्रमुख खुर्च्यांवर बसले, बंगलोरची माणसं कॉम्प्युटरपाशी, आम्ही डब्यापाशी. काका मधे, धुतलेल्या शर्टात. दुधाची बरणी काट्यावर ठेवली. डब्यावर वजनाचे लाल आकडे उमटले. कॉम्प्युटरचा पडदा कोराच. आमचा डबा कॉम्प्युटर कधी मागतो याची वाट पाहत होता आणि त्यांचा कॉम्प्युटर डबा कधी पाठवतो याची.

"आ बेउ एकबीजानी राह जुए छे के शुं?" एका प्रमुखांनी विचारलं आणि हॉल हसून फुटला.

पटेल श्रीधरकडे वळला, "तुम्ही तर कबूल केलं होतंत!" श्रीधर म्हणाला, "कबूल तुम्ही केलं होतंत!" मग दोघंही सावकाश काकांकडे वळले. इतक्या महिन्यांत जे जमलं नव्हतं ते त्या क्षणी जमलं: दोघांचं एकमत झालं. त्यानंतर दोघं एका टेबलावर डोक्याला डोकं लावून बसले आणि त्या दुपारीच डबा आपणहून वजन पाठवू लागला. काका त्यांच्यासाठी चहा घेऊन उभे होते. चहा कोणी घेतला नाही. मालक दारातून म्हणाले, "काका, जय श्रीकृष्ण." काकांनी हात जोडून "जय श्रीकृष्ण" म्हटलं, कपाटावरचा आपला जेवणाचा डबा घेतला आणि गेले.

दुसरं प्रात्यक्षिक झकास झालं. काम पक्कं झालं. संध्याकाळी मालकांनी दोन्हीकडच्यांना हॉटेलात जेवण दिलं. श्रीधर कानाला वाटी लावून काकांची नक्कल करत होता, पटेल गडाबडा लोळायचा बाकी होता. कोणाच्या तरी डोक्यात आलं, काकांनाच फोन लावू. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. काउंटरवरून मी फोन लावला आणि सगळे भोवती जमले.

काकांनी "हॅलो" म्हणताच पटेल ओरडला, "काका, तमारो मुद्दो योग्य छे!" हशा उसळला. या वेळी मला हसू आलं नाही. मी रिसीव्हरवर तळहात दाबला, सगळ्यांना गप्प करायला पाहिलं, मग हात काढून म्हणालो, "काका, सगळे तुमची आठवण काढताहेत. पटेल म्हणतोय, तुमच्यामुळेच काटा चालला."



"बोटांत फट राहते रे तुझ्या," काका म्हणाले. "सगळं ऐकू आलं."

आणि मग त्या गोड माणसाने पटेलच्या आईपासून श्रीधरच्या बापापर्यंत कोणाला सोडलं नाही. मालकांनाही नाही, मलाही नाही. आवाज रडका झाला होता, पण एकही शब्द अडखळला नाही. "आता हे त्यांना सांग," ते म्हणाले. "जसंच्या तसं."

"शुं कहे छे काका?" पटेलने विचारलं.

मी या वेळी बोटं घट्ट मिटून रिसीव्हरवर दाबली. "अभिनंदन म्हणताहेत," मी सांगितलं.

टाळ्या पडल्या. हात काढून रिसीव्हर कानाला लावला, तोवर फोन बंद झाला होता.