फोटोवाल्याला मासली नाय

"आधी बघ, मंग बोल!" पाटी जिन्याखाली टेकवत ती म्हणायची आणि सरंग्याचे कल्ले उघडून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. वर्सोव्याहून आमच्या अंधेरीच्या इमारतीत ती रोज मासळी आणायची. अशी एखादी कोळीण तुम्हीही पाहिली असेल. पण इतका चिवट राग धरणारं माणूस तुम्ही पाहिलं नसेल, हे मी पैजेवर सांगतो. तो राग माझ्यावर होता.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. मला फोटोग्राफीचं वेड लागलं होतं. दोन भिंगांचा जुना कॅमेरा होता. मान खाली घालून वरून काचेत बघायचं, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. आम्ही सात-आठ हौशी मंडळी महिन्यातून एका रविवारी जमायचो. प्रत्येकानं एक फोटो मांडायचा आणि त्यामागची गोष्ट सांगायची. गोष्ट नसेल तर फोटोला कुणी विचारत नसे.

एकदा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मी तिचा फोटो काढला. डोक्यावर पाटी, कपाळ सावलीत, नजर समुद्राकडे. प्रिंट करताना तिच्या डाव्या हाताकडची बाजू मला गिचमिड वाटली, म्हणून छाटून टाकली. उरला पाटी धरलेला उजवा हात. मनगटात एकही बांगडी नाही. झालं! मला गोष्ट सापडली.

"नवरा समुद्रात गेला तो परतलाच नाही," मी रविवारी सांगितलं. "ही अजून वाट बघतेय." एका बाईंनी डोळे टिपले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी हवेत होतो.

त्या बाई आमच्याच इमारतीतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला जिन्यात गाठून नवऱ्याबद्दल हळहळ व्यक्त केली. नेमका तेव्हा तिचा नवरा नावेवर होता, आणि नाव यायला दोन दिवस उशीर झाला होता.

ती तडक माझ्या दारात आली. "माजा दादला जिता हाय! तुला कोनी सांगितला तो मेला?"

मी मनगटाचं बोललो. तिनं उजवा हात माझ्या तोंडापुढे नाचवला. "ह्या हाताच्या बांगड्या लग्नात दर्याला दिल्या, त्यानं दादल्याला सांभालावा म्हनून! आनि हा बघ डावा!"

डाव्या हातात हिरव्या बांगड्या खच्चून भरल्या होत्या. नवरा सुखरूप राहावा म्हणून तिनं जो हात मोकळा ठेवला होता, तो बघूनच मी त्याला मारलं होतं. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

नाव आली. नवरा धडधाकट परतला. ती पुन्हा दारात. "आता तुज्या त्या मानसांना सांग, खोटा बोललास म्हनून."

चारचौघांत नाक कापून घ्यायचं? मी म्हटलं, बघू.

"मंग बघच. तुज्या बिल्डिंगला मासली नाय."

पहिला आठवडा सगळे हसले. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या मालवणी आजी माझ्या अंगावर आल्या. "मेल्या, तुझ्या फोटोक आग लागली! घरात बांगडो येवक नाय!" मी स्टेशनाजवळच्या बाजारात गेलो. तिथल्या कोळणीनं मला खालून वर न्याहाळलं, "फोटोवाला काय रे तू?" विचारलं आणि मासळीवर फडकं ओढलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गळक्या टाकीच्याही आधी माझा विषय निघाला.

तिसऱ्या महिन्यात मी शरण गेलो. डाव्या हातासकट अख्खी चौकोनी प्रिंट काढली आणि रविवारी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. ती पुढ्यातच बसली होती. शेजारी नवरा, धुतलेला शर्ट घालून, लाजत चिवडा खात होता. माझं बोलणं संपल्यावर तिनं त्या बाईंना विचारलं, "ऐकलास ना?" आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी पाटी आली. सगळ्यांना मासळी मिळाली. माझी बायको ताट घेऊन गेली, तर "वैनी, तुमाला नाय." वर तिच्याशी गोड बोलली, मुलांची चौकशी केली. मासळी मात्र नाही. एकदा आजींनी आम्हाला चोरून चार बोंबील दिले, तर तिनं आठवडाभर आजींनाही वगळलं.

हे सात वर्षं चाललं. सुरुवातीला मी चिडायचो, निगेटिव्ह जाळून टाकावी असं वाटायचं. मग कधीतरी मला सवय झाली. समुद्र खवळल्याची बातमी आली की मी मुद्दाम जिन्यात उभा राहायचो. तिनं जाताजाता शिवी हासडली की समजायचं, नाव आली. मला हायसं वाटायचं.

मग ती यायची थांबली. महिन्याभरानं तिचा नवरा रिकाम्या हातांनी आला.

"ती गेली. घरात तिचा फोटो नाय. तुज्याकडं हाय."

मी ती चौकोनी प्रिंट काढून दिली. त्यानं हात शर्टाला पुसले आणि ती घेतली. मला राहवलं नाही. "शेवटी तरी माझ्यावरचा राग गेला होता का हो?"

"नाय. दवाखान्यात पन बजावलान. म्हनाली, त्याच्या घरी मासली नेलीस तर बघ."

"अहो, तुम्ही तरी समजवायचंत तिला."

त्यानं फोटोतल्या मोकळ्या मनगटावर बोट टेकवलं.

"कशाला? माज्या जिवासाठी दुसरा कोन भांडला होता?"