पुढच्या चाकांतलं शिसं

मलकापुरातल्या आमच्या शेजारच्या बाई कॉलेजात संस्कृत शिकवतात आणि रविवारी राजूर घाटातल्या खडकांवर रिमोटची गाडी चढवतात. गाडी उलटली की चिडत नाहीत. "वजन खाली पाह्यजे," एवढंच म्हणतात आणि पुढच्या चाकांत आणखी एक शिशाची पट्टी चिकटवतात.

परवाच्या स्पर्धेत शेवटच्या चढावर बाई आणि मी असे दोघंच उरलो. त्या चढाच्या सरावात माझी गाडी सारखी मागं कोलमडत होती. बाईंनी शांतपणे आपल्या चाकांतलं शिसं काढून माझ्या चाकांत बसवलं.

"बाई, आता तुमचीच उलटन ना?"

"उलटू द्या. पण तुमची इथंच पडली, तर मी खेळू कोणासंग?"

माझी गाडी नीट चढू लागली. बाईंनी त्यांची हलकी झालेली गाडी खडकाच्या कडेनं तिरपी घातली आणि माझ्याआधी माथ्यावर नेली.