आधी पाऊस, मग आकडे

वीज कंपनीच्या कोल्हापुरातल्या नियंत्रण कक्षात मी नोकरीला लागले, तेव्हा माझं निम्मं शिक्षण फोनवरच झालं. शिकवणारे काका गगनबावड्याकडच्या उपकेंद्रात ऑपरेटर होते. रोज सकाळी ते विजेचे आकडे सांगायला फोन करत, पण आधी पाऊस. "चहा घेतलास का पोरी? हितं समोरचा माणूस दिसत न्हाय बघ." इकडे माझ्या खिडकीत लख्ख ऊन. मग आकडे, मग माझ्या चुका. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

पुढे तिथली यंत्रं संगणकावरून चालू-बंद होऊ लागली आणि सायबर हल्ल्यांचं प्रशिक्षण आलं. साहेबांनी बजावलं, चोर गोड बोलत फोनवरून येतो, आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. ओळखीच्या आवाजालाही पासवर्ड द्यायचा नाही. फोन ठेवायचा आणि नोंदवलेल्या नंबरावर आपण उलट लावायचा. मी मान डोलावली. नियम करणाऱ्यांचं काय जातं?

पुढच्याच आठवड्यात अनोळखी नंबरावरून काकांचा फोन आला. पावसानं ऑफिसचा फोन बंद पडला होता, म्हणून टपरीवाल्याचा मोबाईल घेतलेला. संगणक उघडत नव्हता. नवा पासवर्ड माझ्याकडूनच मिळायचा.

"आत्ता देता येणार नाही काका. ऑफिसचा फोन सुरू झाला की मीच लावते."

"मला वळखलं न्हाईस व्हय गं?"

"ओळखलं," मी म्हणाले. नाही म्हटलं असतं तर त्यांच्या मनाला कमी लागलं असतं.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. दुपारी फोन दुरुस्त झाला, मी लावला, काम झालं. साहेबांनी चारचौघांत माझं कौतुक केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर काका नाव, हुद्दा, कोड आणि आकडे, एवढंच सांगत. निवृत्तीच्या दिवशीही तसंच. न राहवून मी विचारलं, "आणि पाऊस?"

"पडतोय की," म्हणाले.

आता आकडे आपोआप पडद्यावर येतात. सकाळी त्या वेळेला मला काकांची फार आठवण येते. प्रशिक्षणात दरवर्षी विचारतात, आपल्या यंत्रणेतली कच्ची जागा कोणती? मी पुस्तकातलं उत्तर लिहून मोकळी होते. पण उद्या कुणी त्याच आवाजात आधी चहाचं विचारलं, पावसाचं सांगितलं आणि मग पासवर्ड मागितला, तर फोन खाली ठेवायला माझा हात धजावेल की नाही, मला सांगता येत नाही.