सारवलेली अळंबी

वाफवलेल्या मातीचा वास उकडलेल्या रताळ्यांसारखा असतो, गोडसर आणि जड. बसवनगुडीतल्या आमच्या घराच्या परसात, न्हाणीच्या चुलीवर तांब्याचा हंडा चढवून मी ती वाफवत होते. लाल माती आणि कुजून काळं झालेलं शेणखत, दोन्ही चाळून एकत्र केलेलं, वर ओलं गोणपाट. बंगळूरचं हिवाळ्यातलं ऊन त्या वाफेतून तिरपं उतरत होतं, आणि मला वाटत होतं, आपली सुटकाच शिजते आहे.

यांनी अळंबीचं खूळ घेतलं होतं. कँटोन्मेंटमधल्या हॉटेलांना अळंबी हवी असते, पीक चांगलं आलं तर अलसूरला दोन खोल्या घेऊन वेगळं राहू, असं हे मला हळूच म्हणाले होते. लग्न झाल्यापासून दार लावून बसता येईल अशी जागा मला त्या घरात नव्हती. सासूबाईंना मी कन्नडात म्हणतात तसं अत्ते म्हणायचे. मी पाणी प्यायले तरी अत्ते विचारायच्या, आत्ताच तर प्यायलीस ना.

जटक्यांच्या म्हणजे टांग्यांच्या तळावरून आणलेली लीद गव्हाच्या काडात घालून, आठवडेच्या आठवडे उलथून कुजवली, लाकडी खोक्यांत भरली, सरपणाच्या खोलीच्या खिडकीला पोती टांगून अंधार केला आणि बाटलीतलं बियाणं त्यात पेरलं. हळूहळू खतावर पांढरी जाळी पसरली, पिंजलेल्या कापसासारखी. आता तिच्यावर दीड-दोन बोटं मातीचा थर द्यायचा, पण भुसभुशीत, न दाबता. दाबला तर कोंब गुदमरतात. हे यांनी मला पुनःपुन्हा बजावलं होतं. माती निवली, आणि थर द्यायच्या सकाळीच मी बाहेरची झाले.

त्या दिवसांत पडवीच्या कोपऱ्यात चटईवर बसायचं आणि कशाला शिवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. शिवलं तर लोणचं नासतं, तुळस सुकते, मग अळंबी कशी राहील. हे कारखान्यात गेलेले. सरी, म्हणजे बरं, मी घालते माती, त्यात काय मोठं, असं म्हणून अत्ते सरपणाच्या खोलीत शिरल्या, आणि उघड्या दारातून मी बघत राहिले. माती पसरून झाल्यावर ओल्या तळव्यानं अर्धगोल काढत, भुई सारवावी तशी त्या एकेक खोकं सारवत होत्या. सुंदर सारवत होत्या, तेही सांगते. एक भेग नाही, आणि त्या अंधारातही माती चकाकत होती.

"अत्ते, दाबू नका. मोकळी राहू दे."

"तुझ्या जन्माआधीपासून सारवतेय मी. बस गप."

डोळ्यांसमोर अलसूरच्या दोन्ही खोल्या लिंपल्या जात होत्या आणि मला चटईवरून पाय खाली टाकवत नव्हता.

अत्ते आंघोळीला गेल्या तेव्हा मात्र उठले. दाराजवळच्या खोक्यातली माती बोटांनी उकरून सैल केली. दुसऱ्या खोक्याकडे हात नेला तोच न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला. परत चटईवर येऊन नखांतली माती काढत बसले.

अळंबी त्या एकाच खोक्यात आली. बाकीची खोकी गुळगुळीत, ओसाड. एवढ्याशा पिकाला हॉटेल कुठलं विचारतंय. यांनी खोकी फोडून सरपणात टाकली आणि अलसूरचं नाव पुन्हा काढलं नाही. पण त्याआधी एका दुपारी, घरात आम्ही दोघीच असताना, अत्ते त्या पांढऱ्या गोंड्यांकडे बराच वेळ बघत उभ्या होत्या. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.

"शिवायचंच होतं," त्या म्हणाल्या, "तर सगळ्यांना शिवायचं."

टोमणा होता की आणखी काही, आवाजावरून कळलं नाही. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पुढच्या खेपेला मी कोपऱ्यात बसले, तेव्हा नेहमीसारखं ताट लांबून सरकवायचं सोडून, ते हातात घेऊन त्या थेट चटईपर्यंत आल्या.

मी मागे सरकले.